अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष व्हायला कॉलेजची पदवी लागते का? सगळे हार्वर्ड-येलचेच असतात का?

तुमच्या प्रश्नात खरं तर चार प्रश्न आहेत. कायद्याने पदवीची सक्ती आहे का, बिनपदवीचा कुणी तिथवर पोचलाय का, अलीकडे सगळे हार्वर्ड नाहीतर येलचेच कसे निघतात, आणि खाली तपशिलात विचारलंय ते, म्हणजे ही मंडळी अभ्यासात हुशार होती का.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सक्ती नाही. राज्यघटनेत अटी तीनच आहेत: जन्माने अमेरिकी नागरिक, वय किमान ३५ आणि देशात १४ वर्षं वास्तव्य. शिक्षणाबद्दल अवाक्षर नाही.

दुसऱ्याचं उत्तर ‘हो, डझनभर’. पहिलाच घ्या. जॉर्ज वॉशिंग्टन ११ वर्षांचा असताना वडील गेले. सावत्र भाऊ इंग्लंडला शिकून आले होते, याच्या वेळी ते सगळं बंद झालं. कॉलेजशी त्याचा तरुणपणी संबंध आला तो एकदाच. १७४९ मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजकडून त्याने जमीन मोजणीदाराचा परवाना घेतला. पुढे त्याच कॉलेजचा तो कुलपती झाला, ते वेगळं.

अँड्र्यू जॉन्सन तर शाळेतच गेला नाही. वडील लवकर वारले, पोराला रॅली गावातल्या एका शिंप्याकडे कामाला ठेवलं. कारागीर शिवत बसलेले असताना कुणीतरी येऊन त्यांना गाजलेली भाषणं वाचून दाखवायचं, तेवढीच याची शाळा. पुढे टेनेसीत स्वतःचं दुकान टाकलं, लग्न केलं, आणि लिहिणं आणि हिशेब बायकोने, एलायझाने, पक्के करून घेतले. बायकोने त्याला अक्षरओळख करून दिली असं सांगतात, ते मात्र खरं नाही. वाचायला तो लग्नाआधीच शिकला होता.

मिलर्ड फिलमोरचंही असंच. कापडाच्या गिरणीत उमेदवारी करणारा पोरगा, १९व्या वर्षी थोडे दिवस एका शाळेत गेला आणि तिथल्या शिक्षिकेशी, ॲबिगेल पॉवर्सशी, पुढे लग्न केलं. याच माणसाला १८४६ मध्ये बफेलो विद्यापीठाचा पहिला कुलपती केलं, पदवी नसताना.

आणि लिंकन. सगळी मिळून शाळा वर्षभराचीसुद्धा नाही. आपल्याकडे शाळाशाळांच्या भिंतींवर त्याचं हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र लटकलेलं असतं. ते त्याने लिहिल्याचा काडीचा पुरावा नाही, पण ते राहू द्या. स्वतःच्या शिक्षणाबद्दल त्याने खरोखर काय लिहिलं, ते सापडतं. १८५८ मध्ये काँग्रेस सदस्यांच्या चरित्रकोशासाठी माहिती मागवली, तेव्हा शिक्षणाच्या रकान्यात त्याने लिहून दिलं: सदोष. बस. मुलाला मात्र हार्वर्डला घातलं. रॉबर्ट लिंकन १८६४ मध्ये तिथून पदवी घेऊन बाहेर पडला.

हे वाचलं की ‘बघा, शिकून काय होतंय’ म्हणणारे लगेच पुढे येतात. तिथेच माझं म्हणणं वेगळं आहे. ही माणसं शिकली नव्हती असं नाही, ती कॉलेजात शिकली नव्हती. त्या काळी राजकारणात जायची मोठी वाट वकिलीतून जायची आणि वकील व्हायला कॉलेज लागतच नव्हतं. एखाद्या वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करायची. झाडलोट, निरोप पोचवणं, कागदपत्रांच्या नकला हाताने उतरवणं आणि उरलेल्या वेळात मालकाच्या कपाटातली कायद्याची पुस्तकं वाचणं. काही वर्षांनी परीक्षा, ती बहुतेक तोंडी, आणि मग सनद. व्हॅन ब्युरन असा चौदाव्या वर्षी वकिलाकडे लागला. ग्रोव्हर क्लीव्हलंड बफेलोत असाच वकील झाला. लिंकनने तर कचेरीही गाठली नाही. जॉन टॉड स्टुअर्ट या ओळखीच्या वकिलाकडून पुस्तकं मागून आणायची, घरी वाचायची, असं करत १८३६ मध्ये सनद मिळवली.

लॉ स्कूलची पदवी असलेला पहिला राष्ट्राध्यक्ष म्हणजे रदरफर्ड हेज, हार्वर्ड, १८४५. पण त्याच्यानंतरही कितीतरी वर्षं कचेरीत शिकलेले वकीलच येत राहिले. त्यातला शेवटचा कॅल्विन कूलिज. तो ॲमहर्स्ट कॉलेजचा पदवीधर होता, पण कायदा नॉर्थॅम्प्टनमधल्या एका कचेरीत शिकला आणि १८९७ मध्ये वकील झाला. त्यानंतरचे वकील राष्ट्राध्यक्ष मोजा: फ्रँकलिन रूझवेल्ट, निक्सन, फोर्ड, क्लिंटन, ओबामा, बायडेन. सगळे लॉ स्कूलमध्ये शिकलेले. म्हणजे मतदारांना अचानक पदवीची आवड लागली असं नाही. वकिलीचं दार कचेरीतून उघडायचं ते कॉलेजातून उघडायला लागलं, आणि त्या दारातून येणारे आपोआप पदवीधर झाले.

या बदलात नेमका सापडला तो हॅरी ट्रूमन, पदवी नसलेला शेवटचा राष्ट्राध्यक्ष. वेस्ट पॉइंटला, म्हणजे लष्करी अकादमीत, जायची त्याची इच्छा होती, पण डोळे अधू. वडिलांचे पैसे धान्याच्या सट्ट्यात बुडाले, त्यामुळे कॉलेजचा विषय मिटला. कॅन्सस सिटीतल्या एका कमर्शियल कॉलेजात जेमतेम एक सत्र काढलं, मग कारकुनी, मग शेती, पहिल्या महायुद्धात तोफखान्याचा कॅप्टन. परत येऊन मित्राबरोबर पुरुषांच्या कपड्यांचं दुकान टाकलं, ते १९२२ मध्ये बुडालं. त्याच वर्षी तो जॅक्सन काउंटीत ‘जज’ म्हणून निवडून आला. नावाने जज, काम रस्ते, इमारती आणि कर यांचं, आपल्या जिल्हा परिषदेच्या अध्यक्षासारखं. तेव्हा त्याला वकिलीची गरज वाटली असावी. १९२३ ते १९२५ तो कॅन्सस सिटी लॉ स्कूलच्या रात्रीच्या वर्गांना गेला आणि मग सोडून दिलं. पन्नास वर्षं आधी जन्मला असता तर कुठल्यातरी कचेरीत बसून सहज वकील झाला असता असं मला वाटतं.

मानद पदव्यांचा एक किस्सा इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८३३ मध्ये हार्वर्डने अँड्र्यू जॅक्सनला मानद डॉक्टरेट दिली. आधीचा राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स स्वतः हार्वर्डचा, आणि जॅक्सनकडून निवडणुकीत हरलेला. त्याने समारंभाला जायला नकार दिला आणि डायरीत लिहिलं की ज्या रानटी माणसाला एक वाक्य व्याकरणशुद्ध लिहिता येत नाही, स्वतःचं नावही धड लिहिता येत नाही, त्याला पदवी देण्याची शरम मला पाहवणार नाही. याउलट फिलमोर. १८५५ मध्ये ऑक्सफर्ड त्याला मानद पदवी द्यायला निघालं, तेव्हा जी पदवी वाचता येत नाही ती घेऊ नये, असं म्हणून त्याने ती नाकारली. प्रमाणपत्र लॅटिनमध्ये असतं ना! ट्रूमनने १९५६ मध्ये हीच ऑक्सफर्डची मानद पदवी आनंदाने घेतली.

आता हार्वर्ड-येल. हार्वर्डशी नाव जोडलेले राष्ट्राध्यक्ष आठ आहेत: दोन्ही ॲडम्स, हेज, दोन्ही रूझवेल्ट, केनेडी, धाकटा बुश आणि ओबामा. येलचे पाच: टाफ्ट, फोर्ड, दोन्ही बुश, क्लिंटन. (धाकट्या बुशने येलची बीए आणि हार्वर्डची एमबीए अशा दोन्हीकडे हजेरी लावली. एमबीए झालेला राष्ट्राध्यक्ष तो एकटाच.) तुम्हाला ‘सगळे तिथलेच’ वाटतात, कारण १९८९ ते २०१७ या काळात खरोखरच एकही अपवाद नव्हता. थोरला बुश, क्लिंटन, धाकटा बुश, ओबामा, चौघेही तिथलेच. नंतरचा ट्रम्प हार्वर्ड-येलचा नाही, पण ‘आयव्ही लीग’ म्हणतात त्या आठ जुन्या नामांकित विद्यापीठांपैकीच एकाचा. ट्रम्प दोन वर्षं फोर्डहॅममध्ये शिकला आणि मग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टनमध्ये गेला. पण १९८९ च्या आधीची २५-२६ वर्षं बघा. लिंडन जॉन्सन टेक्ससच्या एका शिक्षक प्रशिक्षण कॉलेजचा, निक्सन व्हिटियर नावाच्या छोट्या कॉलेजचा, कार्टर नौदल अकादमीचा, रेगन इलिनॉयमधल्या युरेका कॉलेजचा. फोर्ड येल लॉ स्कूलचा खरा, पण त्याआधी मिशिगनमध्ये फुटबॉल खेळणारा. बायडेनही डेलावेअर आणि सिरॅक्यूजचा.

निक्सनची गोष्ट यात मला बोचते. हार्वर्ड त्याची फी माफ करायला तयार होतं, पण मोठा भाऊ क्षयाने आजारी, घरचं किराणा दुकान, तिकडे राहायचा खर्च कोण करणार? तो गावातल्या कॉलेजात गेला. पूर्वेकडच्या हार्वर्डवाल्यांबद्दल त्याच्या मनात जन्मभर जी अढी होती, तिचं मूळ इथेही असावं.

कोलंबिया विद्यापीठाचा उल्लेख आपल्यासाठी करायलाच हवा. दोन्ही रूझवेल्ट तिथे कायदा शिकायला गेले आणि दोघांनीही अर्ध्यात सोडला. धाकट्याने, फ्रँकलिनने, १९०७ मध्ये वकिलीची परीक्षा पास केल्यावर पदवीची वाटच पाहिली नाही. त्यानंतर सहा वर्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच विद्यापीठात शिकायला गेले. ५ जून १९५२ रोजी कोलंबियाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली, तेव्हा विद्यापीठाचा अध्यक्ष कागदोपत्री आयझेनहॉवर होता. प्रत्यक्षात तो लष्करी कामासाठी युरोपात जायला घेतलेल्या रजेवरच होता, आणि त्याच नोव्हेंबरात देशाचा अध्यक्ष म्हणून निवडून आला.

कॉलेजचं मोल कुणाला सगळ्यात जास्त कळलं असेल तर लिंडन जॉन्सनला, असं माझं मत. सॅन मार्कोसच्या कॉलेजात तो उसन्या पैशांवर आला, आवारातला कचरा उचलायचं, झाडलोटीचं काम करत शिकला. पैसे संपले तेव्हा, १९२८ मध्ये, वर्षभर शिक्षण थांबवून कोटुला या गावी मास्तरकी केली. शाळा मेक्सिकन मजुरांच्या मुलांची. १९३० मध्ये पदवी मिळाली. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९६५ मध्ये उच्च शिक्षणाचा कायदा संमत झाला. गरीब विद्यार्थ्यांना सरकारी मदत आणि सरकारी हमीवर कर्ज देणारा हा कायदा. सही करायला तो ८ नोव्हेंबरला मुद्दाम सॅन मार्कोसला, स्वतःच्या कॉलेजात, आला आणि भाषणात कोटुलाच्या त्या पोरांची आठवण काढली. त्यातल्या जवळजवळ कुणालाच कॉलेज परवडणार नाही हे मला तेव्हाच दिसत होतं, असं त्याने सांगितलं.

आणि शाळा न शिकलेल्या लिंकननेही २ जुलै १८६२ रोजी, ऐन यादवी युद्धात, मॉरिल कायद्यावर सही केली होती. प्रत्येक राज्याला त्याच्या दर खासदारामागे ३०,००० एकर सरकारी जमीन, ती विकून शेती आणि यंत्रविद्येची कॉलेजं काढायची. पर्ड्यू, ओहायो स्टेट, टेक्सस ए अँड एम ही त्यातलीच. पुण्या-मुंबईची मुलं एमएससाठी जिथे अर्ज करतात त्या यादीत यातलं एखादं नाव हमखास असतं.

राहिला हुशारीचा प्रश्न. पीएचडी झालेला एकच, वुड्रो विल्सन, जॉन्स हॉपकिन्स, १८८६. मॅडिसनने प्रिन्स्टनचा अभ्यास दोन वर्षांत उरकला. पण माझा आवडता जेम्स गारफील्ड. ओहायोतल्या हायरम गावच्या शिक्षणसंस्थेत झाडूवाला म्हणून काम करत शिकला, विल्यम्स कॉलेजात पदवी घेतली आणि वयाच्या २६व्या वर्षी त्याच हायरमच्या संस्थेचा प्रमुख झाला. खासदार असताना त्याने पायथागोरसच्या प्रमेयाची स्वतःची सिद्धता शोधली, ती १८७६ मध्ये शिक्षणविषयक नियतकालिकात छापून आली. दहावीची भूमिती आठवत असेल तर कागद घ्या. एकसारखे दोन काटकोन त्रिकोण, काटकोनाच्या बाजू क आणि ख, कर्ण ग. एकाचा क आणि दुसऱ्याचा ख एका सरळ रेषेत टोकाला टोक लावून ठेवा, दोन्ही त्रिकोण रेषेच्या एकाच बाजूला आणि काटकोन बाहेरच्या टोकांना. वरची दोन टोकं जोडा. समलंब चौकोन तयार होतो आणि मधोमध तिसरा काटकोन त्रिकोण, ज्याच्या दोन बाजू ग आणि ग. समलंबाचं क्षेत्रफळ (क+ख) चा वर्ग भागिले दोन. तेच तीन त्रिकोणांची बेरीज करून काढलं तर कख अधिक (ग-वर्ग भागिले दोन). दोन्ही सारखे मांडा, कख दोन्हीकडून उडतो, उरतं क-वर्ग अधिक ख-वर्ग बरोबर ग-वर्ग. पाच ओळींत काम झालं.

बाकीच्यांचे निकाल असे. ग्रँट वेस्ट पॉइंटला ३९ जणांत २१वा, आयझेनहॉवर १६४ मध्ये ६१वा. बायडेन सिरॅक्यूज लॉ स्कूलमध्ये ८५ मध्ये ७६वा. धाकट्या बुशने २००१ मध्ये येलच्या दीक्षांत समारंभात ‘सी’ श्रेणीवाल्यांना जाहीर सांगितलं की तुम्हीही राष्ट्राध्यक्ष होऊ शकता. ड्यूक लॉ स्कूलमध्ये वर्गात तिसरा आला तो निक्सन. आजवर राजीनामा देऊन जावं लागलेला राष्ट्राध्यक्षही तोच एक.