रामेश्वरला जातोय. मन्नारच्या आखातातली प्रवाळं बघायची आहेत. निसर्गाला त्रास न देता कसं फिरावं? आठवण म्हणून एखादा तुकडा आणला तर चालेल का?

तुकड्याचं आधी सांगतो : नाही. वाहत आलेला असो, विकत मिळो, मेलेला असो. नाही.

इतकं तोडून बोलतोय, कारण असल्याच एका तुकड्यावरून आमच्याकडे नऊ वर्षं वाद चालू आहे. ताईकडचे आणि आम्ही मिळून रामेश्वरला गेलो होतो. बावीस तीर्थांच्या बादल्या अंगावर घेऊन बाहेर पडलो, कपडे निथळताहेत, आणि भाऊजी थेट एका दुकानात. फांद्याफांद्यांचं पांढरं प्रवाळ, नारळाएवढं. दीडशे सांगितले, यांनी शंभरात पाडलं. मी म्हटलं, अहो, वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघ ज्या अनुसूचीत आहे त्यातच हेही आहे, 2001 पासून. घरात ठेवणंसुद्धा गुन्हा. तर म्हणाले, "इथली वाळू प्रयागला न्यायला घेतोच ना आपण? ती चालते, मग हे का नाही? आणि मेलेलंच आहे ते."

वाळूची पुरचुंडी त्या क्षणी माझ्याच आईच्या पिशवीत होती. काय बोलणार?

उत्तर सुचलं ते परतीच्या गाडीत, सोलापूर गेल्यावर, सगळे झोपलेले असताना. मेलेलं प्रवाळ म्हणजे कचरा नव्हे. प्रवाळाच्या नव्या अळ्यांना चिकटायला टणक जागा लागते, ती बहुतेकदा त्या जुन्या सांगाड्यावर मिळते. तेच झिजून बेटांची वाळू होते आणि तेच लाटांचा जोर मोडतं. तुतिकोरिन ते रामेश्वर अशी तिथे 21 बेटं होती, त्यातली दोन पाण्याखाली गेली. चुन्यासाठी वर्षानुवर्षं प्रवाळ खणून नेलं, त्याचा यात मोठा हात आहे. त्यातही 'मेलेलं' होतंच, भाऊजी.

आता फिरण्याचं. बेटांवर उतरायचा हट्ट धरू नका, 1986 पासून ते सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. वनखात्याची परवानगी असलेल्या बोटीनेच जा. होडीवाला "दोन मिनिटं उतरवतो" म्हणाला तर जादा पैसे काढून त्याला मोहात पाडू नका. पाण्यात उतरलात तर प्रवाळावर पाय टेकायचा नाही. आणि दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. आपला पाऊस संपतो तेव्हा त्यांचा ऐन भरात असतो, पाणी गढूळ, काचेच्या तळाच्या बोटीतूनही काही दिसायचं नाही. जानेवारी-फेब्रुवारीत जा, धनुष्कोडीकडे रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) दिसतील.

शंख-शिंपल्यांचं जरा वेगळं आहे. काही संरक्षित आहेत, काही नाहीत. तुम्हा-आम्हाला ओळखता येत नाहीत, म्हणून नकोच. पण विकणाऱ्या बाईला पुणेरी पद्धतीने कायदा ऐकवत बसू नका. तिचं पोट आहे त्यावर, आपलं नुसतं शोकेस. (मी ऐकवला होता. तिला मराठी येत नव्हतं, हे बरंच झालं.)

आणि मंगळासाठी अंगठीत घालतात ते लाल पोवळं निराळं, त्यावर माझ्याशी वाद नको.

आमचं ते प्रवाळ अजून कोथरूडलाच आहे. दरवर्षी गौरी-गणपतीच्या आराशीत समुद्रमंथनाच्या देखाव्यात मांडतात. कुणी विचारलं की भाऊजी किंमत सांगतात. गेल्या वर्षी ती साडेसातशे होती.