दुधाचे शिंतोडे पुसट का येतात?

प्रश्न : थाळीतल्या दुधात थेंब पडताना १/४००० शटरवर, फ्लॅश हायस्पीड सिंकवर (खूप वेगवान शटरसोबत फ्लॅश वापरण्याची सोय) ठेवून फोटो काढतो. तरी शिंतोडे पुसट येतात. काय चुकतंय?

उत्तर : भरवसा शटरवर नको, फ्लॅशवर ठेवा. ४० सेंमीवरून पडलेला थेंब सेकंदाला सुमारे २.८ मीटर वेगाने आदळतो. १/४००० सेकंदात तो ०.७ मिमी सरकतो. जवळून काढलेल्या फोटोत एवढं फरफटणं ठळक दिसतं. शिवाय हायस्पीड सिंकमध्ये फ्लॅश एकदाच चमकत नाही, लुकलुकत राहतो.

तेव्हा ते सिंक बंद. खोलीत अंधुक उजेड, शटर १/१६०, अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ/११, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४००. फ्लॅश मॅन्युअलवर, १/६४ ताकदीवर. ताकद जितकी कमी, तितकी चमक आखूड; आणि अंधुक उजेडात फोटो त्या चमकेपुरताच उमटतो, म्हणून थेंब गोठलेला दिसतो. फोटो काळा आला तर ताकद वाढवण्याचा मोह टाळा, फ्लॅशच थाळीजवळ सरकवा.

थेंबासाठी सलाइनचा सेट उत्तम. दूध आधी गाळा, नाहीतर सायीने नळी तुंबते. थाळीत दूध २-३ मिमीच हवं. खोल भरलंत तर शिंतोड्यांचा गोल मुकुट बसून मधोमध दुधाचा खांब उठतो. (तोही देखणा असतो म्हणा!) थेंब पडतो तिथे पेन्सिल धरून हाताने फोकस करा. थेंब सुटला की लगेच बटण. खाली पोचायला त्याला ०.२९ सेकंद लागतात. बरेच फोटो हुकणारच.