पुस्तकातलं हसू पडद्यावर कुठे जातं?

गेल्या अंकात विनोदी फँटसी कादंबऱ्या आणि त्यांच्यावरच्या सिरीज यावर लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांतली काही निवडून उत्तरं देतेय.

ताई, मी ‘गुड ओमेन्स’ आधी पाहिली आणि मग पुस्तक मिळवून वाचलं. वाचताना लोकलमध्ये एवढ्या मोठ्यानं हसलो की समोरचे बघायला लागले. नंतर परत सिरीज लावली तर प्रसंग तेच, कलाकार एक नंबर, पण तसं हसू आलं नाही. नक्की काय राहून गेलं? (वाचक, डोंबिवली)

तुम्ही ज्याच्यामुळे हसत होतात तो माणूस सिरीजमध्ये कमी भेटतो, म्हणजे निवेदक. टेरी प्रॅचेट आणि नील गेमन या दोघांनी मिळून लिहिलेली ही कादंबरी १९९० ची. जगबुडी तोंडावर आलीये आणि पृथ्वीवर राहून राहून इथल्या खाण्यापिण्याची, पुस्तकांची, गाण्यांची चटक लागलेले एक देवदूत आणि एक नरकाचा दूत मिळून ती थांबवायला बघतायत, ही झाली गोष्ट. पण ही गोष्ट तुम्ही मला दोन मिनिटांत सांगितलीत तर मी फारशी हसणार नाही, कारण खरी मजा सांगणाऱ्याच्या जिभेवर आहे. तो मध्येच फाटा फोडतो, तळटीप टाकतो, इंग्लंडच्या जुन्या नाण्यांचा हिशोब समजावत बसतो आणि मग काही झालंच नाही अशा थाटात मूळ वाक्यावर परत येतो. तळटीप कॅमेऱ्यात येत नाही, इथूनच सगळी अडचण सुरू होते.

२०१९ च्या सहा भागांच्या सिरीजमध्ये यावर काय काय केलंय ते बघण्यासारखं आहे. पहिला उपाय सरळ, निवेदन ठेवायचं. इथे ते थेट देवाच्या तोंडी दिलंय आणि आवाज फ्रान्सिस मॅकडॉरमंडचा, शांत, जराही घाई नसलेला. चांगलंय, पण निवेदन फार झालं की चित्र नुसतं मागे चालत राहतं आणि आपण रेडिओ ऐकल्यासारखं ऐकतो, आणि पहिल्या भागात मला तसं थोडं झालं हे सांगितलंच पाहिजे.

दुसरा उपाय मला जास्त मोठा वाटतो. पुस्तकात लंडनभोवतीच्या एम-२५ या रिंग रोडबद्दल एक परिच्छेद आहे, की हा रस्ता म्हणजे क्राउलीच्या, म्हणजे त्या नरकाच्या दूताच्या, सैतानी कामगिरीतली एक मोठी कामगिरी, कारण त्याचा आकार एका अघोरी चिन्हाचा आहे आणि त्यात रोज अडकून वैतागणारे हजारो लोक जगात दुष्टपणाची भर घालतात. हे निवेदक सांगतो, कुणी बोलत नाही, कुणी काही करत नाही. सिरीजमध्ये याचा चक्क सीन केलाय. क्राउली नरकात सगळ्यांसमोर स्लाइड लावून एम-२५ चं प्रेझेंटेशन देतोय, मोठ्या उत्साहानं दाद मागतोय आणि समोर बसलेल्या भुतावळीला काडीचं कळत नाहीये. विनोद तोच आहे पण आता तो एका माणसाच्या अडचणीतून येतो, ऑफिसात ज्यानं कधी बॉससमोर प्रेझेंटेशन दिलंय त्याला क्राउली झालेल्या डेव्हिड टेनंटचा तो चेहरा बघून लगेच कळतं. अशी जागा सापडली की रूपांतर जमलं म्हणायचं.

तिसरी गोष्ट तर फुकटात मिळालेली. पुस्तकात म्हटलंय की गाडीत पंधराएक दिवस पडून राहिलेली कुठलीही कॅसेट आपोआप क्वीन बँडच्या गाण्यांची होते. वाचताना हे वाक्य म्हणून छान आहे, पण पडद्यावर क्राउलीची बेंटली गाडी निघाली की क्वीनची गाणी खरंच वाजतात, समजवायला काही उरतच नाही. इथे पुस्तकापेक्षा टीव्हीचं पारडं जड आहे.

आणि हे कोडं आपल्याकडेही सोडवून झालंय. चिं. वि. जोशींचा चिमणराव स्वतःच आपली हकीकत सांगतो आणि आपला किती पचका झालाय हे त्याला धड कळत नाही, त्यात सगळं हसू. दूरदर्शनवर ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ आलं तेव्हा ते निवेदन दिलीप प्रभावळकरांच्या डोळ्यांत आणि त्या गोंधळलेल्या उभं राहण्यात उतरलं. पुढे प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या रोजनिशीच्या रूपातल्या पुस्तकावरून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आलं, तेही असंच, एका माणसाच्या सांगण्यातून उभं राहिलेलं घर. त्यामुळे हे आपल्याला जमत नाही असं कुणी म्हटलं की मला खरंच राग येतो.

नमस्कार ताई, आम्ही लेस्टरला असतो. मुलगी दहा वर्षांची आहे, तिला नाताळच्या सुट्टीत ‘हॉगफादर’ दाखवावा असं नवरा म्हणतोय. पण त्यात मृत्यू हेच मुख्य पात्र आहे म्हणे, सांगाडा, काळा झगा वगैरे. घाबरणार नाही ना? (वाचक, लेस्टर)

दाखवा, पण शेजारी बसून दाखवा. मृत्यूची भीती वाटणार नाही, टीटाइम नावाचा मारेकरी आहे त्याची वाटेल. मार्क वॉरननं त्याला इतक्या गोड आवाजात आणि लहान मुलासारखं केलंय की मोठ्यांच्याही अंगावर काटा येतो.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. प्रॅचेटचं डिस्कवर्ल्ड म्हणजे कासवाच्या पाठीवर चार हत्ती आणि हत्तींवर थाळीसारखी सपाट पृथ्वी, आपल्याला हे चित्र ओळखीचंच वाटेल. तिथला सांताक्लॉज म्हणजे हॉगफादर. तो गायब होतो आणि पोरांचा त्याच्यावरचा विश्वास टिकावा म्हणून साक्षात मृत्यू लाल कोट आणि खोटी दाढी लावून भेटवस्तू वाटायला निघतो. कादंबरी १९९६ ची, स्काय वन या ब्रिटिश चॅनेलनं ती २००६ च्या डिसेंबरमध्ये दोन भागांत आणली, दिग्दर्शक व्हादिम जीन, मृत्यूची नात सुझन झालीये मिशेल डॉकरी, ती डाउनटन ॲबीमध्ये दिसायच्या कितीतरी आधी.

यात एक गोष्ट नीट बघा. मृत्यूचा चेहरा म्हणजे कवटी, म्हणजे भुवई उडवता येत नाही, ओठ हलत नाहीत, डोळे मिचकावता येत नाहीत, विनोदी नटाची सगळी हत्यारं काढून घेतल्यासारखंच. आत उभा आहे मार्निक्स व्हान डेन ब्रुके हा उंच नट आणि आवाज आहे इयन रिचर्डसनचा. दुकानात सांताच्या जागी बसलेला मृत्यू एका छोट्या मुलीला तिनं मागितली म्हणून खरी तलवार देतो, आई आणि दुकानवाले हादरतात, आणि तो मान किंचित कलती करून अगदी मनापासून समजावतो की हे शैक्षणिक आहे. आवाजात मिश्कीलपणाचा लवलेश नाही. त्याला खरंच वाटतंय की आपण काम चोख करतोय. फँटसीतला विनोद असाच करायचा असतो, पात्राला आपण विनोदी आहोत याचा पत्ताच नसायला हवा.

पुस्तकात मृत्यूचं बोलणं अवतरणचिन्हांशिवाय, छोट्या कॅपिटल अक्षरांत छापलेलं असतं, म्हणजे वाचकाच्या डोक्यात तो आवाज आधीच घुमत असतो. पडद्यावर तो प्रत्यक्ष ऐकवायचा म्हणजे प्रत्येक वाचकाच्या मनातल्या आवाजाशी स्पर्धा, आणि माझ्या मते रिचर्डसननं ती जिंकलीये. २००७ च्या सुरुवातीला ते गेले, म्हणून पुढच्या ‘द कलर ऑफ मॅजिक’मध्ये मृत्यूचा आवाज ख्रिस्तोफर ली यांचा आहे.

मुलीसोबत शेवटची पंधरा-वीस मिनिटं मात्र घाई न करता बघा. मृत्यू सुझनला सांगतो की माणसाला माणूस राहायचं तर कल्पना लागतात, पोरांनी लहानपणी छोट्या खोट्या गोष्टींवर विश्वास ठेवून सराव करायचा म्हणजे पुढे न्याय, दया यांच्यावर विश्वास ठेवता येतो, कारण सगळं विश्व दळून चाळून बघितलं तरी न्यायाचा एक कण हाती लागणार नाही. तीन तास हॉगफादरच्या, डुकरं जोडलेल्या गाडीतून हसत हसत आणून मग हे ऐकवलंय. निर्मात्यांनी हा संवाद लांबतोय म्हणून कापला असता तर कुणी फारसं बोललं नसतं, पण त्यांनी ठेवला, यासाठी मी त्यांची कायम ऋणी आहे.

‘द वॉच’ बघून डोकं फिरलं. डिस्कवर्ल्डमधल्या रात्रपहारेकऱ्यांची एवढी सुंदर पुस्तकं आणि त्याचं काय करून ठेवलंय! बदल करायलाच हवेत हे मान्य, पण मर्यादा कुठली? (वाचक, कोल्हापूर)

तुमचा राग समजू शकते. बीबीसी अमेरिकाची ही आठ भागांची सिरीज २०२१ ची, आणि प्रॅचेटची मुलगी रियाना हिनं स्वतःच जाहीरपणे म्हटलं होतं की वडिलांच्या वॉचशी या सिरीजचं रक्ताचं नातं नाही. पंक कपडे, निऑन दिवे, या सगळ्यावर लोक चिडले, मला त्याचं तितकंसं नाही. शहर कसं दिसावं हे बदलता येतं.

मला खटकली ती लेडी सिबिल. पुस्तकातली सिबिल वयानं मोठी, अंगानं भरभक्कम, आजारी ड्रॅगनच्या पिल्लांत रमलेली, खानदानी पण मायाळू बाई आहे, आणि दारूत बुडालेला पहारेकऱ्यांचा कॅप्टन व्हाइम्स तिच्या त्या ऐसपैस चांगुलपणामुळे माणसात येतो. सिरीजमध्ये ती तरुण, चपळ, हातात कायदा घेणारी लढवय्यी झालीये. नटी चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण तशा लढवय्या नायिका दहा सिरीजमध्ये मिळतात आणि मध्यमवयीन, जाडजूड, ड्रॅगनच्या शेणानं बूट भरलेली नायिका, जिच्या प्रेमात हिरो अगदी मनापासून पडतो, ती कुठेच मिळत नाही. प्रॅचेटनं मुद्दाम जे उलटं ठेवलं होतं ते यांनी परत सुलटं केलं. मर्यादा विचाराल तर मी इथे रेघ मारेन, लेखक ज्या ठरलेल्या साच्याची टर उडवत होता त्याच साच्यात त्याचं पात्र परत कोंबायचं नाही.

याच्या उलट ‘गुड ओमेन्स’चा तिसरा भाग बघा. सुरुवातीचा जवळजवळ अर्धा तास दोघा दूतांची शतकानुशतकांची मैत्री दाखवलीये, नोहाची नाव, शेक्सपिअरचं ग्लोब थिएटर, फ्रेंच राज्यक्रांती, १९४१ चं बॉम्ब पडणारं लंडन. हे कादंबरीत असं सलग कुठेच नाही. तरी कुणाची तक्रार नाही, कारण ते त्याच दोन माणसांच्या स्वभावातून निघालंय.

मी पुण्यात मालिकांसाठी संवाद लिहितो. एका मराठी विनोदी फँटसी कादंबरीवर वेब सिरीज करायची मनात आहे. सुरुवात कुठून करू? (वाचक, पुणे)

आधी हक्क, तेही लेखी. लेखक ओळखीचे असले, “अरे कर की” म्हणाले, तरी लेखी. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, त्यामुळे लेखक हयात नसतील तर वारसांकडे जावं लागेल, आणि प्रकाशकाकडे कुठले हक्क आहेत तेही करारात बघून घ्या. सुरुवातीला सगळे हक्क विकत घ्यायची गरज नाही, ठरावीक मुदतीचा ऑप्शन करार करता येतो, म्हणजे तेवढ्या काळात तुम्ही चॅनेल नाहीतर प्लॅटफॉर्म शोधायचा.

मग दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन कादंबरी वाचा. पात्रं जे बोलतात किंवा करतात त्यातला विनोद एका रंगात, आणि फक्त निवेदक बोलतो म्हणून आलेला विनोद दुसऱ्या रंगात. दुसरा रंग जास्त निघणार, घाबरू नका. त्यातल्या प्रत्येक खुणेपुढे लिहा, हे कुणाच्या तोंडी जाईल का, याचा सीन होईल का, हे नुसतं दिसेल का, म्हणजे दुकानाची पाटी, भिंतीवरचा फोटो, मागे चाललेली गडबड. जे कशातच बसत नाही त्यातलं थोडं निवेदनाला ठेवा आणि बाकीचं सोडून द्या. सोडताना जीव तुटतो, पण पुस्तक कुठे पळून जात नाही.

एपिसोड कुठे तोडायचा हाही मोठा प्रश्न असतो. प्रॅचेटच्या बहुतेक डिस्कवर्ल्ड कादंबऱ्यांत प्रकरणंच नाहीत, एक गोष्ट सुटते तिथे दुसरी पकडतो आणि पुढे जातो, त्यामुळे थांबायची जागा रूपांतर करणाऱ्यालाच शोधावी लागते. तुमच्या कादंबरीत प्रकरणं असली तरी तीच एपिसोडची जागा असेल असं धरून चालू नका.

पैशाचं म्हणाल तर सगळीकडे थोडं थोडं व्हीएफएक्स टाकण्यापेक्षा एकच गोष्ट नीट करा. हॉगफादरमध्ये सगळ्यात जास्त लक्षात राहतो तो मृत्यू, आणि तो म्हणजे मुख्यतः मुखवटा, झगा, एक उंच नट आणि आवाज. तुमच्या गोष्टीत बोलणारा वेताळ असेल तर त्याचा आवाज आणि चालणं यावर महिनाभर घालवा, मागचं स्मशान साधं असलं तरी चालेल.

आणि हात जोडून विनंती, विनोद झाला की मागून ते टुइंग टुइंग आवाज टाकू नका. चॅनेलवाले मागतील, तेव्हा वाद घाला. वेताळ गंभीरपणे रेशन कार्डाचा फॉर्म भरत असेल तर तिथे शांतताच हवी, क्लार्कनं मान वर न करता “पत्त्याचा पुरावा?” विचारलं की काम झालं.

प्रॅचेट वाचलेलाच नाही. आधी काय बघू? (वाचक, नाशिक)

आधी ‘गोइंग पोस्टल’, २०१० ची, दोनच भाग. फासावरून उतरवलेल्या एका भामट्याला बंद पडलेलं पोस्ट ऑफिस चालवायला देतात. रिचर्ड कॉयल, क्लेअर फॉय, डेव्हिड सुशे, आणि शहराचा शासक व्हेटिनारी झालेले चार्ल्स डान्स, ते नुसते टेबलामागे बसलेत तरी समोरच्याला घाम फुटतो. मग ‘हॉगफादर’. ‘कलर ऑफ मॅजिक’ नंतर, सवडीनं. प्रॅचेट स्वतःही या तिन्हींत छोट्या कामात दिसतात, हॉगफादरमध्ये खेळणी बनवणारे, गोइंग पोस्टलमध्ये पोस्टमन, तेवढं शोधा.