तेहतिसाव्या वर्षी मिळणारा शिक्षणखर्च

पत्र : मी मूळचा मिरजेचा. वय २०, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात एका बँकेचा स्टॉल लागला होता, बऱ्याच मित्रांनी क्रेडिट कार्डासाठी नावं दिली. आत्तापासून कार्ड वापरलं तर नोकरी लागेपर्यंत सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचे ९०० पैकी गुण, ८०० होईल आणि लगेच फ्लॅटसाठी कर्ज मिळेल, असं सगळे म्हणतात. माझं उत्पन्न नसल्यामुळे १ लाखाची एफडी करा, त्यावर कार्ड देतो, असं बँक म्हणते. बाबा त्यांच्या नावावर एफडी करायला तयार आहेत. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतल्यामुळे ७ लाख २० हजारांचं शैक्षणिक कर्ज आहे, साडेदहा टक्क्यांनी. दर वर्षी १ लाख ८० हजार बँक परस्पर कॉलेजला देते, तिसऱ्या वर्षाची रक्कम याच महिन्यात गेली. हप्ते कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतील. कर्ज घेताना बँकेने बाबांना मुलांच्या शिक्षणाची एक पॉलिसी घ्यायला लावली, तिचा वर्षाला ६० हजारांचा हप्ता १५ वर्षं आहे, शेवटी १४ लाख मिळतील. तोही खर्च चालू आहे. बाकी काही देणं नाही, फक्त एका ॲपवर पे लेटरचे (वस्तू आत्ता, पैसे नंतर) ६४० रुपये दोन महिने अडकलेत. वस्तू खराब आली म्हणून मी भरले नाहीत. तर कुठलं कार्ड घेऊ?

उत्तर : कार्डाचं नंतर बघू. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पॉलिसीचं वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा आपलंच काही चुकतंय असं वाटलं. तू १८ वर्षांचा असताना ती घेतली. १५ वर्षांनी पैसे मिळणार. म्हणजे ‘मुलांच्या शिक्षणाची’ ही रक्कम हातात येईल तेव्हा तुझं वय ३३ असेल. तोवर कदाचित तुझ्या मुलाच्या नर्सरीची फी भरायची वेळ आली असेल. ज्याने ही पॉलिसी विकली त्याने अर्जावर तुझी जन्मतारीख स्वतःच्या हाताने लिहिली असणार, आणि तरीही त्याचा हात अडखळला नाही.

कर्जासोबत विमा घ्यायलाच हवा अशी सक्ती बँकेला करता येत नाही. पॉलिसी हातात आल्यावर ती परत करायलाही मुदत असते, पण ती केव्हाच गेली. आता जे आहे त्याचं गणित करू.

वर्षाला ६० हजार, १५ वर्षं, म्हणजे ९ लाख भरून १४ लाख. ऐकायला झकास. परतावा काढला तर साडेपाच टक्क्यांच्या आत. दोन हप्ते गेले ते विसरून फक्त पुढच्या तेरा हप्त्यांचा हिशेब केला, तर तो आठ टक्क्यांच्या आसपास जातो. हे पॉलिसीच्या बाजूने बोलायचं म्हणून सांगतोय. पण त्याच घरात साडेदहा टक्क्यांचं कर्ज आहे.

आता दुसरा आकडा. आजवर ५ लाख ४० हजार उचलले गेलेत. त्यावर वर्षाचं व्याज साधारण ५७ हजार. पॉलिसीचा हप्ता ६० हजार. म्हणजे बाबा दर वर्षी तुझ्या कर्जाच्या अख्ख्या व्याजाएवढी रक्कम खिशातून काढतात, आणि ती कर्जाला न लागता तुझ्या तेहतिशीसाठी जाते. व्याज मात्र साचत राहतं. आत्तापर्यंत ५७ हजारांच्या आसपास साचलं असेल. कोर्स आणि त्यानंतरचं एक वर्ष धरलं तर २ लाख ६५ हजार होईल, आणि हप्ते सुरू होताना ते मुद्दलात मिसळेल. मग कर्ज ७ लाख २० हजारांचं राहणार नाही, ९ लाख ८५ हजारांचं होईल. दहा वर्षांच्या मुदतीला महिन्याचा हप्ता १३,३०० च्या आसपास. व्याज वेळच्या वेळी भरत गेलास तर हाच हप्ता ९,७००. दहा वर्षांत फरक सव्वाचार लाखांचा.

तुझ्यासारखा इंजिनिअर इथे मला अडवेल. शिकत असताना व्याज साधं लागतं, व्याजावर व्याज नाही, मग आत्ताच का भरायचं? एफडीत ठेवू, शेवटच्या महिन्यात एकदम भरू. गणित बरोबर आहे. माझा आक्षेप माणसांवर आहे. तीन वर्षं एफडीत पडलेले पैसे घरात सगळ्यांना दिसतात, आणि मग कुणाचं तरी लग्न निघतं किंवा स्लॅब गळायला लागतो. शिवाय शिक्षण चालू असताना नियमित व्याज भरणाऱ्याला अनेक बँका व्याजदरात एक टक्का सवलत देतात. तुझ्या शाखेत जाऊन विचार, मंजुरीपत्रात ते कलम आहे का आणि आत्ता सुरुवात केली तर चालेल का. ५ लाख ४० हजारांवर एक टक्का म्हणजे वर्षाला ५,४०० रुपये. आणि साचलेलं व्याज फिटलं की वरचा प्रत्येक रुपया मुद्दलातून कमी होतो. तिथे साडेदहा टक्के वाचतात. असा खात्रीचा परतावा तुला कुठलीही एफडी देणार नाही.

म्हणून ज्या १ लाखाची एफडी करायला निघालात, त्यातले ५७ हजार कर्जखात्यात भरा. उरलेले ४३ हजार घरच्या अडीअडचणीला राहू द्यात. पॉलिसीचा तिसरा हप्ता भरू नका. विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा. आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी बंद केली, तर किती, आणि पुढचे हप्ते थांबवून नुसती चालू (पेड-अप) ठेवली तर मुदतीअखेर किती. भरलेल्या १ लाख २० हजारांतले कदाचित ३५-४० हजारच हातात येतील. वाईट वाटेल. वाटू दे, त्या पैशापायी आणखी ७ लाख ८० हजार घालायचे नाहीत. त्या हप्त्याच्या काही भागात बाबांचा साधा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तर पैसे देणारा, निघतो. त्यांच्या वयाला तो स्वस्त नसतो, तरी ६० हजारही लागत नाहीत. ते सहकर्जदार आहेत. त्यांना काही झालं तर अख्खं कर्ज तुझ्यावर येईल, तेव्हा या पॉलिसीचं विमाछत्र पुरेल का, तेही त्या कागदात बघ.

आता तुझ्या पत्रातलं ‘बाकी काही देणं नाही’. बाबा रे, शैक्षणिक कर्जात मुख्य कर्जदार तू आहेस. पहिली रक्कम कॉलेजला गेली तेव्हापासून तुझं खातं सिबिलकडे जातंय. ज्या पतइतिहासासाठी कार्ड शोधतोस, तो दोन वर्षांपूर्वीच सुरू झाला आहे. आणि त्यात सध्या बहुधा एकच डाग असेल, तो ६४० रुपयांचा. पे लेटर हेसुद्धा कर्जच असतं. वस्तू खराब आली हा दुकानदाराशी वाद, कर्ज देणाऱ्याला त्याच्याशी घेणंदेणं नाही. आज पैसे भर, भांडण उद्या कर. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. तो काढ. चूक दिसली तर तक्रार कर. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

फ्लॅटचं म्हणशील, तर ८०० चा आकडा बघून कुणी फ्लॅट देत नाही. बँक पगार आणि चालू हप्ते बघते. हातात ३० हजार पगार आणि १३,३०० चा हप्ता असेल, तर ९०० पैकी ९०० असूनही अधिकारी तुला चहा पाजून परत पाठवेल.

राहिलं कार्ड. बाबांच्या नावावरच्या एफडीवर मिळणारं कार्ड बाबांचं असतं. तुला मिळेल ते ॲड-ऑन, म्हणजे त्यांच्या कार्डाला जोडलेलं जादा कार्ड, आणि त्याचा इतिहास सहसा त्यांच्याच नावावर चढतो. म्हणजे लाख रुपये अडकवून पन्नाशीतल्या माणसाचा सिबिल वाढवायचा. हौस असेलच तर पुढच्या वर्षी स्वतःच्या नावावर १५ हजारांची एफडी कर आणि वर्षाची फी नसलेलं कार्ड घे. त्यावर फक्त मोबाइलचं रिचार्ज टाक आणि ऑटो-डेबिट ‘टोटल ड्यू’वर, म्हणजे पूर्ण बिलावर लाव, ‘मिनिमम’वर, म्हणजे किमान रकमेवर नको. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे २० हजार थकले तर ७०० रुपये, वर १२६ जीएसटी. कार्डाने एटीएममधून पैसे काढायचे नाहीत, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

पॉलिसीचा हप्ता केव्हा आहे ते तू लिहिलं नाहीस. खात्यातून आपोआप जात असेल तर तारखेच्या आधी मँडेट, म्हणजे बँकेला दिलेली ती परवानगी, रद्द करावं लागेल, आणि ते बाबांनाच करावं लागेल. वार्षिक हप्ता भरायला तारखेनंतरही ३० दिवसांची मुदत असते. गणपतीला मिरजेला जाशीलच, तेव्हा मंजुरीपत्र आणि पॉलिसी दोन्ही कागद शेजारी ठेवून त्यांच्यासोबत बस. ५७ हजार आणि ६० हजार हे आकडे त्यांना स्वतःला लिहू दे, तू सांगू नकोस.