मनाचा आजार आणि मेडिक्लेम: वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच दुखण्याची होती. घरात कुणाला तरी मनाचा आजार, आणि हप्ते वेळेवर भरूनही विमा कंपनीने हात वर केलेले. त्यातली पाच पत्रं आज घेते.

धाकट्या भावाला बायपोलर आहे (मन कधी टोकाच्या उत्साहात, कधी खोल उदासीत जाण्याचा आजार). मेनियाच्या, म्हणजे टोकाच्या उत्साहाच्या झटक्यात पाच रात्री झोपला नाही, दुकानाचा गल्ला येईल त्याला वाटून टाकला. अकरा दिवस ॲडमिट होता, बिल 1 लाख 18 हजार. कंपनी म्हणते, उपचार गोळ्यांचेच होते, ओपीडीत झाले असते. क्लेम रिजेक्ट. आता काय? (सातारा)

तुम्ही सोबत डिस्चार्ज समरीचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. त्यात आजाराच्या नावाखाली फक्त तीन ओळी आहेत: झोप कमी, बडबड जास्त, कन्झर्व्हेटिव्ह (शस्त्रक्रियेविना) उपचार दिले, प्रकृती स्थिर, घरी सोडलं. क्लेम तपासणाऱ्याने तुमच्या भावाला पाहिलेलं नाही, त्याने या तीनच ओळी पाहिल्या. अपेंडिक्सच्या पेशंटचं पोट फाडलेलं कागदावर दिसतं. पाच रात्री न झोपलेला माणूस कागदावर दिसत नाही, तो कुणीतरी लिहावा लागतो.

म्हणून आधी हॉस्पिटलकडे केस पेपरच्या प्रती मागा. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017, कलम 25 नुसार पेशंटला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी पाहायचा हक्क आहे. अर्जावर भावाची सही घ्या. त्यात नर्सिंग चार्ट असतो, तो महत्त्वाचा. रात्री दोन वाजता वॉर्डात फेऱ्या मारत होता, जेवणाचं ताट भिरकावलं, इंजेक्शन दिल्यावर चार तास झोपला, अशा नोंदी तिथे सापडतात. लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध सुरू केलं असेल तर रक्तातली पातळी तपासल्याचे रिपोर्टही लावा. रात्रंदिवसाची अशी देखरेख ओपीडीत होत नाही.

दुसरं, भाऊ स्वतः ॲडमिट व्हायला तयार नव्हता आणि सही तुम्ही केलीत असं लिहिलं आहे. म्हणजे बहुधा याच कायद्याच्या कलम 89 खाली दाखल केलं असणार. तसं दाखल करताना डॉक्टरांना पेशंट तपासून लिहून द्यावं लागतं की त्याच्या जिवाला किंवा इतरांना धोका आहे, किंवा तो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही. आणि आहे त्या परिस्थितीत दाखल करणं हाच पेशंटवर कमीत कमी बंधनं घालणारा पर्याय आहे, हेही लिहावं लागतं. म्हणजे ओपीडीत भागलं नसतं हे डॉक्टरांनी कायद्यानेच लिहून दिलेलं आहे. तो कागद अर्जाच्या सगळ्यात वर लावा.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारलं हे विचारा. 2024 पासून कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, ती मंजुरी होती का हेही विचारा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या कंपनीबाहेरच्या अधिकाऱ्याकडे जा. फी नाही, वकीलही लागत नाही. फक्त कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जायला हवं. पुष्कळ लोक पहिल्या पत्रालाच खचतात आणि हे वर्ष घालवतात. कृपा करून तसं करू नका.

पंधरा लाखांची पॉलिसी आहे, पण मानसिक आजाराला मर्यादा पन्नास हजार. असं चालतं का? (ठाणे)

माझ्या मते चालू नये. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 21 सांगतं की मानसिक आजाराचा विमा शारीरिक आजाराच्याच पायावर द्यायचा. हृदयाला पंधरा लाख आणि मनाला पन्नास हजार, हा एकच पाया कसा? अगदी असंच एक प्रकरण 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं होतं: विमा 35 लाखांचा आणि मानसिक आजाराला मर्यादा 50 हजारांची. त्याच वर्षी त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात मनाचा आजार वगळणारं कलम बाजूला ठेवून पेशंटला पैसे द्यायला लावले. तुमच्या तक्रारीत कलम 21 चा उल्लेख हवाच. आणि पुढच्या नूतनीकरणाआधी पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करता (हलवता) येते का ते पाहा; पुरा केलेला वेटिंग पिरियड, म्हणजे एखाद्या आजाराचा क्लेम मिळण्याआधी थांबायची मुदत, पोर्ट करताना बुडत नाही.

मुलीला डिप्रेशन आहे. ॲडमिट करायची वेळ कधी आली नाही, पण समुपदेशन, डॉक्टर आणि गोळ्या मिळून महिन्याला सहा-सात हजार जातात. मेडिक्लेममधून एक रुपया मिळत नाही. (कोल्हापूर)

या प्रश्नापाशी मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. आपला मेडिक्लेम चोवीस तासांच्या ॲडमिशनभोवती बांधलेला आहे, आणि मनाचे बहुतेक आजार खुर्चीत समोरासमोर बसून, आठवड्यामागून आठवडे बोलून आणि गोळ्यांनी बरे होतात. कायदा समान वागणूक मागतो. पण शरीराच्याही ओपीडीचे पैसे मिळत नाहीत, तेव्हा कंपनी म्हणते, आम्ही समानच वागतो. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत दर शंभर प्रौढांत दहाहून जास्त जणांना मानसिक आजार आढळला होता, आणि त्यातले बहुसंख्य उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते. खर्च हे त्याचं एकमेव कारण नाही, पण मोठं आहे.

ओपीडी खर्च देणाऱ्या पॉलिसी मिळतात. घेण्याआधी समुपदेशनाची सत्रं त्यात धरली आहेत का, आणि वर्षाला कमाल किती रुपये, हे लेखी विचारा; जास्तीचा हप्ता त्याहून मोठा असेल तर घेऊ नका. देव करो आणि वेळ न येवो, पण कधी ॲडमिट करावं लागलंच, तर आधीचे साधारण तीस आणि नंतरचे साठ दिवस त्याच आजाराची डॉक्टरांची फी, तपासण्या आणि गोळ्या बहुतेक पॉलिसींत मिळतात. लोक ही बिलं फेकून देतात. जपून ठेवा.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, डॉक्टर आणि गोळ्यांचा खर्च तिथे पुष्कळ कमी होईल. आणि मध्यरात्री मुलीचं मन फारच बिघडलं, जिवाचं काही बोलू लागली, तर सकाळची वाट पाहू नका. तिला एकटं सोडू नका, 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, मराठीत बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर सरळ जवळचं हॉस्पिटल गाठा.

दोन वर्षांपूर्वी आठ महिने डिप्रेशनच्या गोळ्या घेतल्या. आता नवीन पॉलिसी काढतोय. एजंट म्हणतो, फॉर्ममध्ये लिहू नका. (नाशिक)

लिहा. एजंटचं कमिशन आज मिळतं, लपवल्याचा भुर्दंड तुम्हाला उद्या बसतो, आणि तोही मनाच्या आजारापुरता राहत नाही. अशी पॉलिसी कंपनी रद्दही करू शकते. लिहिलंत तर जास्तीत जास्त तीन वर्षं त्या आजारासाठी थांबावं लागेल, पूर्वी ही मुदत चार वर्षं होती. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला जुनी माहिती उकरून क्लेम नाकारता येत नाही.

खरं लिहिल्यावर प्रस्तावच नाकारला, तर कारण लेखी मागा. मानसिक आजार असलेल्यांना विमा देण्याबाबतचं धोरण कंपन्यांनी स्वतःच्या वेबसाइटवर जाहीर करायचं आहे. ते वाचून त्याच शब्दांत प्रश्न विचारा.

यजमानांना दारू सोडवायला दाखल केलं होतं. क्लेम मिळेल का? आणि पॉलिसी त्यांच्या ऑफिसची आहे, तिथे कळलं तर? (पणजी)

क्लेमचं अवघड आहे, खोटी आशा दाखवत नाही. 2017 चा कायदा दारूशी जोडलेल्या मानसिक स्थितींना मानसिक आजारच म्हणतो, पण पॉलिसींच्या ठरीव अपवादांत व्यसनाचे उपचार वगळता येतात. दोन्ही नियम आज एकाच वेळी उभे आहेत. यजमानांना व्यसनाव्यतिरिक्त डिप्रेशन किंवा भ्रमाचा त्रास असेल आणि डॉक्टरांनी तो तपासून नोंदवला असेल, तर त्या आधारावर क्लेम लावून पाहा. नसलेलं निदान मात्र लिहून मागू नका, ते अंगाशी येईल.

ऑफिसचं म्हणाल तर आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क कलम 23 ने दिला आहे. व्यवहारात गळती होते ती बहुधा एका जागी: आपण सगळी फाइल एचआरच्या टेबलावर नेऊन ठेवतो. तसं करू नका. टीपीएच्या (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) ॲपवर किंवा ईमेलवर कागद थेट पाठवा, आणि एचआरने मागितलेच तर फक्त क्लेम नंबर द्या.