एका बैठकीला एकच फूल

वाचनालयात दर रविवारी जमणाऱ्या ११ ते १५ वयोगटातील वीस-बावीस मुलांसाठी फुलांवर आधारित, मौजेचे आणि तरीही काही शिकवणारे उपक्रम कोणते घ्यावेत, असे तुम्ही विचारले आहे. याच वयाच्या मुलांबरोबर मी बरीच वर्षे काम करत आलो आहे, म्हणून पहिल्या वर्षी केलेली चूक आधी सांगतो. ‘फुलांचा दिवस’ ठरवून एकाच दुपारी मी रांगोळी, हार ओवणे, चित्रे, प्रश्नमंजूषा आणि दोन प्रयोग असे सगळे कोंबले. मुलांनी धमाल केली. परंतु संध्याकाळी पाकळ्यांचा केर काढताना लक्षात आले की, त्या दिवशी कोणीही एखादे फूल हातात घेऊन नीट निरखले नव्हते. तेव्हापासून एका बैठकीला एकच फूल आणि त्या फुलाविषयी एकच प्रश्न, असा नियम मी पाळतो.

पावसाळा सरत आला असेल, तर प्रारंभ प्राजक्तापासून करावा. ही फुले संध्याकाळनंतर उमलतात आणि पहाटे आपोआप गळतात, त्यामुळे तोडण्याचा प्रश्नच येत नाही. फक्त बैठक सकाळी लवकर ठेवावी लागते. मुलांना प्रथम विचारावे की, प्राजक्ताला पाकळ्या किती असतात? कोणी ‘पाच’ म्हणतो, कोणी ‘सहा’, आणि प्रत्येक जण आपापल्या उत्तरावर ठाम असतो. मग दोघा-दोघांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला सड्यातली ५० फुले वेचायला लावावी, पाकळ्या मोजून नोंद करायला सांगावी आणि सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून भिंतीवरच्या मोठ्या कागदावर स्तंभालेख काढावा. पाकळ्या साधारणपणे पाचांपासून आठांपर्यंत आढळतात, म्हणजे भांडणारे सगळेच थोडेथोडे बरोबर ठरतात. मध्य (सरासरी) आणि बहुलक (सर्वांत जास्त वेळा आलेली संख्या) यांतला फरक, जो वर्गात फळ्यावर समजत नाही, तो इथे विनासायास समजतो. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या झाडाखालची फुले मोजून दोन आलेख शेजारी लावल्यास गप्पांना आणखी भर येते. मोजून झालेल्या फुलांचे केशरी देठ वेगळे करून पाण्यात उकळावेत आणि त्यात तुरटीच्या पाण्यातून काढलेला सुती रुमाल बुडवावा; सुंदर पिवळा रंग चढतो. तो धुण्यात फिका पडतो, हे मुलांना आधीच सांगावे, नाहीतर पुढच्या रविवारी तक्रारी येतात.

दुसरे फूल जास्वंद. एकेरी पाकळ्यांची लाल जास्वंदच घ्यावी, कारण दुहेरी जातींत भाग ओळखताना मोठी माणसेही गोंधळतात. प्रत्येकाला स्वतंत्र फूल द्यावे आणि बाहेरून आत जात एकेक भाग सुटा करून कागदावर क्रमाने मांडायला सांगावे. निदलपुंज (बाहेरची हिरवी वाटी), दलपुंज (पाकळ्या), पुमंग (पुंकेसर) आणि जायांग (स्त्रीकेसर) हे शब्द मांडणी पूर्ण झाल्यावरच उच्चारावेत. आधी सांगितले की मुले फुलाकडे न पाहता पाठ केलेले शब्द शोधू लागतात. पुंकेसरांची नळी अलगद उभी चिरली की आतून जाणारा बारीक धागा दिसतो, आणि त्याच्या टोकाला पाच मखमली ठिपके असतात. बीजांडकोश मोठ्या माणसाने ब्लेडने आडवा कापून दाखवावा, म्हणजे त्यातले पाच कप्पे मोजता येतात. पाच पाकळ्या, पाच ठिपके, पाच कप्पे हे मुलांना स्वतःहून सापडले पाहिजे. माझ्या अनुभवात ते बहुधा गटातल्या सर्वांत गप्प मुलाला सापडते.

उरलेल्या पाकळ्या पांढऱ्या कागदावर चोळल्यास जांभळट डाग उमटतो. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की तो गुलाबी होतो आणि खाण्याच्या सोड्याचे पाणी टाकले की हिरवट. हा वस्तुतः दुसरा प्रश्न असल्याने येथे माझाच नियम मोडतो, परंतु पाकळ्या वाया घालवणे जिवावर येते. निळ्या गोकर्णाचा काढा करूनही हाच प्रयोग फार देखणा होतो.

गुलबक्षी आणि ‘ऑफिस टाइम’ यांचा उपक्रम घरी करण्याजोगा आहे. ‘ऑफिस टाइम’ सकाळी ऊन वर आल्यावर उघडते, गुलबक्षी दुपार कलल्यावर; आठवडाभर मुलांनी उमलण्याची वेळ वहीत लिहावी आणि ढगाळ दिवशी काय फरक पडतो ते पाहावे.

सहलीसाठी कास पठाराचा विचार असल्यास गर्दीचे शनिवार-रविवार टाळावेत. तिथे सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती पाहायला मिळतात, आणि फुलझाड किडे खाते हे कळल्यावर या वयाची मुले अर्धा तास तरी जागची हलत नाहीत. तिथले एकही फूल तोडू नये.

सावधगिरीच्या दोनच गोष्टी सांगतो. कण्हेर आणि धोतरा ही झाडे विषारी आहेत, तेव्हा ती उपक्रमातून पूर्णपणे वगळावीत. आणि परागकणांमुळे कोणाला शिंका किंवा दम्याचा त्रास होतो का, हे पालकांना आधी विचारून ठेवावे.

झेंडू मात्र दसऱ्यानंतरसाठी राखून ठेवावा. वाळलेल्या तोरणातली फुले घरोघरून मागून आणावीत आणि मुलांना एकेक ‘पाकळी’ ओढून काढायला सांगावी. प्रत्येकीच्या बुडाशी काळी, काडीसारखी बी येते, आणि ज्याला आपण एक फूल म्हणत होतो तो मुळात अनेक फुलांचा गुच्छ आहे हे हातानेच कळते. त्या बिया जुन्या डब्यांत मातीवर पसरून वरून पातळ थर द्यावा आणि प्रत्येक डब्यात किती पेरल्या हे चिठ्ठीवर लिहून चिकटवावे. सगळ्या उगवत नाहीत, म्हणून किती उगवल्या ही मोजणी पुढच्या बैठकीसाठी आयतीच मिळते.