नकारानंतरचा पाठलाग

लेस्टरहून एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांची २१ वर्षांची मुलगी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला शिकते आणि दांडिया बाजारात आजीकडे राहते. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर ओळख झालेल्या एका मुलाला तिने ‘मला पुढे बोलायचे नाही’ असे स्पष्ट सांगितले. तेव्हापासून तो फॅकल्टीच्या फाटकापाशी उभा असतो, नवनव्या खात्यांवरून संदेश पाठवतो, आणि परवा तर ‘मी तुमच्या नातीचा मित्र’ असे सांगून आजींच्या हाती भाकरवडीचा पुडा ठेवून गेला. वडिलांचे म्हणणे असे की बडोद्यातल्या काकांनी त्याला दम द्यावा. आईला मुलीला परत बोलावून घ्यावेसे वाटते.

ताई, आजींनी तुम्हाला विचारले की भाकरवडी देण्यात वाईट ते काय, आणि त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. एकेकटी पाहिली तर यातली प्रत्येक गोष्ट किरकोळ दिसते, म्हणूनच घरातली मोठी माणसे ‘दुर्लक्ष कर’ म्हणून मोकळी होतात. पाहायचे ते एवढेच की मुलीने नको म्हटल्यानंतरही हे पुन्हा पुन्हा घडते आहे का. कायदाही हेच पाहतो. २०१३ साली भारतीय दंड संहितेत कलम ३५४ ड आले; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ त्याच्या जागी आहे. स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दाखवूनही पुरुषाने तिचा वारंवार पाठलाग करणे किंवा संपर्क साधत राहणे, तसेच इंटरनेटवरील तिच्या वापरावर पाळत ठेवणे, हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी आहे.

मुलीने तोंडी दिलेला नकार पुरेसा आहे, तरी ‘माझ्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क साधू नका’ एवढे एक वाक्य तिने एकदाच लेखी पाठवावे आणि त्यानंतर एकही उत्तर देऊ नये, कारण रागाने लिहिलेल्या चार ओळीसुद्धा त्याच्या चिकाटीला मिळालेले फळच ठरतात. संदेश पुसून टाकू नयेत. तारीख, वेळ आणि खात्याचे नाव दिसेल असे स्क्रीनशॉट काढून मगच ब्लॉक करावे, आणि मूळ संदेश फोनमध्ये तसेच राहू द्यावेत.

आता थोडे अप्रिय लिहितो. ती कुठे आहे हे त्याला कसे कळते, असे तुम्ही विचारले आहे. मुलीच्या फोनवरचे लोकेशन शेअरिंग तपासावे, तिच्या ईमेल खात्यात दुसऱ्या कोणत्या यंत्रावरून लॉगिन झाले आहे का ते पाहावे, आणि हे सारे झाल्यावर स्वतःचे फेसबुकही उघडावे. ‘लेक आज मैत्रिणींबरोबर कमाटीबागेत’ अशी ओळ आणि फोटो लेस्टरहून कौतुकाने कोणालाही दिसेल असा टाकला जातो, आणि मुलीने आपले खाते कितीही बंदिस्त ठेवले तरी आईच्या भिंतीवरून तिचा दिनक्रम वाचता येतो.

काकांना पाठवू नका. धमकीला प्रतिधमकी मिळाली की प्रकरण दोन घरांच्या भांडणाचे होते आणि मुलगी बाजूला पडते. त्याऐवजी गुजरातची ‘अभयम’ ही १८१ क्रमांकाची महिला हेल्पलाइन आहे. गरज पडल्यास तिच्या गाडीतून समुपदेशक आणि महिला पोलीस येतात. पोलीस ठाण्यात या गुन्ह्याची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते, आणि हद्द दुसऱ्या ठाण्याची आहे या कारणाने नोंद नाकारता येत नाही. तक्रार ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. मात्र जिवाची किंवा ॲसिडची धमकी, आत्महत्येचा धाक, घरात शिरण्याचा प्रयत्न, यांपैकी काहीही घडले तर वाट न पाहता ११२ फिरवावा.

आणखी एक गोष्ट आधीच जाणून असावी: पहिल्या वेळी हा गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे तक्रारीनंतर तो लवकरच बाहेर दिसू शकतो. त्या पहिल्या काही दिवसांची व्यवस्था तक्रार देण्यापूर्वीच ठरवा: जाण्यायेण्याला सोबत कोणाची, दार कोणाला उघडायचे, विभागात कोणाला कळवायचे. तक्रार द्यायची की नाही, आणि कधी, हे मात्र मुलीने ठरवावे. ती सज्ञान आहे, आणि रोज त्या फाटकातून जाणारी तीच आहे. तुम्ही परत बोलावण्याची भाषा सुरू केलीत तर पुढची घटना ती तुम्हाला सांगणारच नाही.

तुमच्या पत्रातला एक तपशील मात्र मोलाचा वाटला. आजी कालनिर्णयाच्या चौकोनांत दुधाचे खाडे लिहितात, आणि गेल्या महिन्यापासून त्याच चौकोनांत ‘लाल हेल्मेट, सव्वासात’ असेही लिहू लागल्या आहेत. त्यांना म्हणावे, पुडा कोणत्या दिवशी आला तेही त्यात घाला, आणि वर्ष संपले तरी ते कालनिर्णय रद्दीत देऊ नका.